‘घरी सांगेन’ ही धमकी का चालते? तरुण मुलामुलींच्या नात्यांतली मारहाण

रानजाई

नमस्कार. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या मागच्या एका गल्लीत माझ्याकडे मुली पीजी म्हणून राहतात. दिंडोरी, कळवण, येवला, सिन्नर, एखादी थेट नंदुरबारकडची. बारावीनंतर पहिल्यांदाच घर सोडून आलेल्या. मला बोलायचंय ते त्यांच्या नात्यांमधल्या मारहाणीबद्दल. प्रेमप्रकरणं असावीत की नसावीत हा वाद इथे नको. ती आहेत, आणि त्यातली काही मुलींना मोडून टाकतायत.

मला वारंवार दिसतं ते असं. पहिली थप्पड बसते त्याच्या कितीतरी आधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. आधी इन्स्टाचा पासवर्ड मागितला जातो. मग लाइव्ह लोकेशन दिवसभर चालू ठेवायचं. मग ढोल पथकाचा सराव बंद, कारण तिथे मुलं असतात. नवरात्रात कालिकेच्या यात्रेला मैत्रिणींबरोबर जायचं नाही, आणि थोड्याच दिवसांत त्या मैत्रिणीही वाईट ठरतात. तोवर मुलगी कौतुकाने सांगत असते, ‘तो माझ्याबाबतीत फार पझेसिव्ह आहे.’ ज्या दिवशी हात उठतो त्या दिवशी जिला सांगावं अशी एकही मैत्रीण जवळ उरलेली नसते.

घरी सांग म्हटलं की उत्तर ठरलेलं. ‘काकू, घरी कळलं तर कॉलेज बंद. दिवाळीत बघायला येतील.’ त्या मुलालाही हे पक्कं ठाऊक असतं. ‘तुझ्या पप्पांना फोटो पाठवू का?’ एवढं बोललं की ती निमूटपणे पुन्हा त्याच्या गाडीवर जाऊन बसते. त्याच्या हातातली काठी आपणच, घरच्या मोठ्यांनी, तासून दिलेली आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

या मंचावर वकील, डॉक्टर, समुपदेशन करणारे लोक आहेत. कोणत्या गोष्टींमुळे हा धोका वाढतो आणि आपण मोठ्यांनी नेमकं काय करायचं, यावर लिहा. कोणाची ओळख पटेल असं मात्र काही लिहू नका. मीही तपशील बदलूनच लिहीत आहे.

निफाडकर_बापू

ताई, विषय चांगला घेतलात, पण सगळा दोष आईबापावर टाकलात ते पटलं नाही. माझी पोरगी पुढच्या जूनमध्ये नाशिकला येणार आहे. द्राक्षबागेचं कर्ज डोक्यावर ठेवून फी भरायची, आणि ती तिथं कोणाच्या गाडीवर बसते ते बघायचंही नाही? साधा फोन द्यावा, सातच्या आत रूमवर, आणि महिन्यातून एखादी न सांगता चक्कर. एवढं केलं की हे प्रश्न येत नाहीत.

अबोली_१९

काका, माझ्या घरचे नियम अगदी हेच होते. मी सहाच्या सिटीलिंक बसने रूमवर यायचे. त्याने मला मारलं ते सकाळी, कॉलेजच्या पार्किंगमध्ये. आणि घरून साधा फोन मिळाला होता म्हणून त्यानेच मला दुसरा घेऊन दिला होता. त्या फोनमधलं सगळं त्याला दिसायचं. घरी सांगणं शक्यच नव्हतं, कारण पहिला प्रश्न आला असता, हा फोन कुठून आला?

आता मी त्यातून बाहेर आहे. याहून जास्त लिहीत नाही.

रानजाई

अबोली, तू लिहिलंस ते पुष्कळ आहे. कोणीही तिला खोदून विचारू नका, ही विनंती.

शांतपार

मी तरुण मुलांचं समुपदेशन करते. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

हे किती पसरलेलं आहे ते आधी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, नात्यात राहिलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी २४ टक्के मुलींनी, म्हणजे जवळजवळ चौघींत एकीने, जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. हा जगभराचा अंदाज आहे. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुख्यतः विवाहित स्त्रियांना नवऱ्याबद्दल विचारतं, पण त्यातूनही तरुणांबद्दल पुष्कळ कळतं. २०१९-२१ च्या फेरीत ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले, की काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे. त्या कारणांत न सांगता बाहेर जाणं आहे, उलट बोलणं आहे, स्वयंपाक नीट न करणंसुद्धा आहे. कॉलेजातली मुलं-मुली याच घरांतून येतात. ‘न सांगता गेलीस कशी?’ हे वाक्य मुलगा कुठून शिकला, ते शोधायला लांब जावं लागत नाही.

आता धोका वाढवणाऱ्या गोष्टी. सगळ्यांत ठळकपणे समोर येते ती लहानपणी घरात पाहिलेली किंवा सोसलेली मारहाण. वडील आईला मारताना पाहिलेल्या मुलीच्या वाट्याला पुढे जोडीदाराचा मार येण्याची शक्यता जास्त, आणि अशा घरातल्या मुलाचा हात उठण्याचीही. पण इथे थांबून सांगते, धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. अशा घरांतली बहुसंख्य मुलं पुढे कोणालाही मारत नाहीत. ‘बापाचं पाहून शिकला’ असं म्हणत कोणावर शिक्का मारू नका आणि मारणाऱ्याला ती सबबही देऊ नका.

दुसरी दारू. त्याच सर्वेक्षणात, ज्यांचे नवरे वारंवार पिऊन झिंगतात त्यांतल्या ७० टक्के बायकांनी हिंसा सोसली होती. न पिणाऱ्यांच्या बायकांत हे प्रमाण २३ टक्के. हे २३ टक्केही लक्षात ठेवा, कारण ‘तो दारूला शिवतसुद्धा नाही’ म्हणून मुली निर्धास्त राहतात.

वयातलं आणि पैशांतलं अंतर हा मला फार जवळून दिसणारा धोका आहे. ती सतराची, तो पंचवीसचा, कमावता. रिचार्ज तो मारतो, क्लासची फी त्याने भरलेली, गावी जायचं तर गाडी त्याची. अबोलीच्या फोनचं तेच झालं. भांडणात मग हिशेब निघतो. नैराश्य, एकटेपणा, आधी कधी झालेला लैंगिक अत्याचार, यांनीही माणूस अशा नात्यात जास्त काळ अडकून राहतो. आणि जात वेगळी असेल तर आमच्याकडे येणाऱ्या मुली मार खातानासुद्धा आधी त्याचाच जीव वाचवायला बघतात, कारण घरी कळलं तर त्याचं काय होईल याची त्यांना भीती असते.

बापू, तुमचा राग समजतो. पण रानजाईंचं निरीक्षण बरोबर आहे. हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितलं, असं हेच सर्वेक्षण म्हणतं. या बहुतेक विवाहित, ज्यांचं नातं सगळ्या गावाला माहीत आहे. जिचं नातंच लपवलेलं आहे ती कोणाला सांगणार? पालकांना मुलाबाळांचं कुठे काय चाललंय याची माहिती असणं हे संरक्षण आहे, हे अभ्यासांतूनही दिसतं. पण ती माहिती मुलगी आपण होऊन सांगते तेव्हाच खरी असते. अचानक चक्कर मारून तुम्हाला आवरलेली खोली दिसेल.

ढोलताशा

मुलांच्या बाजूने एक लिहितो. मी पंचवटीत राहतो, पथकात आहे.

आमच्या ग्रुपमध्ये एखाद्याचं जमलं की ती लगेच सगळ्यांची ‘वहिनी’ होते. मग तिच्यावर लक्ष ठेवणं हे मित्रांचं कामच होऊन बसतं. ‘भाऊ, वहिनी कॉलेज रोडला कोणाबरोबर तरी कॉफी पीत होती,’ असा फोटोसकट मेसेज पडतो. तो कोण, चुलतभाऊ का वर्गातला मुलगा, कोणी विचारत नाही. त्या मेसेजनंतर भाऊला ग्रुपसमोर काहीतरी करून दाखवावंच लागतं, नाहीतर ‘तुझं काही चालत नाही का तिच्यावर?’ सुरू होतं. मी असे मेसेज वाचलेले आहेत आणि त्या रात्री काय झालं तेही नंतर कानावर आलेलं आहे.

मारणारा एकटा असतो, पण त्याला तिथवर ढकलणारे आम्ही पाच-सहा जण असतो. शांतपार मॅडम, याच्यावर काही काम झालंय का कुठे?

शांतपार

झालंय, आणि तुझं निरीक्षण संशोधनाशी जुळतं. मित्रमंडळींत मारहाण, धाक चालत असेल तर त्या मुलाकडूनही ती होण्याची शक्यता वाढते.

मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर ‘जेम्स’ नावाचा मुलगा-मुलगी समानतेवरचा कार्यक्रम झाला, आयसीआरडब्ल्यू ही स्त्रियांच्या प्रश्नांवर संशोधन करणारी संस्था, मुंबईतली कोरो आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) यांनी मिळून केलेला. मुंबईतच ‘परिवर्तन’मध्ये क्रिकेट प्रशिक्षकांना तयार केलं गेलं, म्हणजे मुलांशी या विषयावर बोलणारा माणूस त्यांना रोज मैदानावर भेटणारा असेल. ‘मावा’ ही पुरुषांनी १९९३ मध्ये सुरू केलेली संस्था तर महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या मुलग्यांबरोबर कितीतरी वर्षं हेच काम करते आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात शाळकरी मुलांसाठी याच विषयावरचा ‘सेफ डेट्स’ हा कार्यक्रम झाला. त्यातल्या मुलांमध्ये चार वर्षांनंतरही हिंसा कमी आढळली. नात्यात पडायच्या आधी, तेरा-चौदाव्या वर्षी हे बोलणं सुरू झालं तर उपयोग जास्त होतो.

तुमच्या पथकात असा प्रशिक्षक कोण होऊ शकेल? वाद्य शिकवणारा दादा?

गोदातीर

एकच बाजू चाललीय. हल्ली ब्रेकअप झाला की मुली पोलिसांत जातात, पोराचं करिअर संपतं. त्याबद्दलही लिहा.

दुसरी_पाळी

गोदातीर, मी मुलगा आहे आणि मार खाल्लेला आहे, तरी तुमचं म्हणणं मला पटत नाही.

अंबडला कंपनीत आहे. दीड वर्ष एका मुलीबरोबर होतो. ती चारचौघांत कानाखाली मारायची, फोन फोडायची. ते मी कसंतरी चालवून घेतलं. पण सोडतो म्हटलं की ब्लेडने हात कापल्याचे फोटो पाठवायची, ‘तुझं नाव लिहून ठेवीन’ म्हणायची. रात्रपाळीत मशीनवर उभं राहून मी फोनकडे बघत बसायचो. मित्रांना सांगितलं तर हसले. मला पोलिसांत जायचं नव्हतं, फक्त सुटायचं होतं. अशा वेळी करायचं काय, हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शांतपार

दुसरी_पाळी, तुमच्यावर हसले ते चूक होतं. तरुणांच्या पाहण्यांत हात उगारण्याच्या तक्रारी दोन्ही बाजूंनी येतात. गंभीर दुखापत, जिवाची भीती आणि लैंगिक जबरदस्ती यांचा भार मुलींवर कितीतरी जास्त पडतो हे खरं, पण म्हणून तुमचा मार लहान होत नाही.

आत्महत्येच्या धमकीबद्दल, कारण हे फार जण विचारतात. ती धमकी खरी मानायची, पण तिचा इलाज म्हणून नात्यात राहायचं नाही. तिच्या घरच्यांपैकी किंवा मैत्रिणींपैकी कोणाला तरी त्याच क्षणी स्पष्ट कळवायचं, जिवाला धोका वाटला तर ११२ ला फोन करायचा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, मानसिक आरोग्यासाठी, चोवीस तास आणि मोफत. तो तिच्यासाठी आहे आणि तुमच्यासाठीही. तिला जिवंत ठेवण्याची जबाबदारी एकट्या तुमच्या डोक्यावर नाही.

काळा_कोट

कायद्याचं मी लिहितो. जिल्हा न्यायालयात वकिली करतो.

लोकांना वाटतं, मार म्हटलं की कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा. त्यात ‘विवाहासारखं नातं’ येतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात त्याच्या अटी सांगितल्या आहेत. एका घरात पुरेसा काळ एकत्र राहणं त्यात आलं. कॉलेजातली भेटीगाठीची नाती त्यात सहसा बसत नाहीत. म्हणून मुलगी उघडी पडते असं मात्र नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिने नको म्हटल्यावरही मागे फिरणं, सतत मेसेज करणं, तिचं इंटरनेट वापरणं न्याहाळणं हा कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. अबोलीच्या फोनमध्ये डोकावत राहणारा याच कलमात येऊ शकतो.

फोटोंचं तर सगळ्या मुलींनी पाठ करावं. खासगी फोटो काढायला तिची संमती होती, पण दुसऱ्याला पाठवायला नव्हती, तरी पाठवणारा कलम ७७ खाली गुन्हेगार ठरतो. ‘तूच काढू दिलास’ हा बचाव चालत नाही. धमकी देणं हा वेगळा गुन्हा. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, एक प्रत विश्वासातल्या माणसाकडे. फोटो ऑनलाइन गेलेच तर १९३०, ही सायबर गुन्ह्यांची मदतवाहिनी.

मुलगी अठराच्या खाली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागतो, तिथे तिची संमती धरली जात नाही, आणि ज्याला लैंगिक गुन्हा कळला त्याच्यावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते. पीजी चालवणाऱ्यांनाही हे लागू आहे, रानजाई.

आणखी एक अडचण नाशिकमध्ये नेहमी येते. कॉलेज शहर आयुक्तालयाच्या हद्दीत, गाव ग्रामीण पोलिसांच्या. ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून कोणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर मागा; ती कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते.

गोदातीर, लग्नाच्या खोट्या आमिषाचं कलम ६९ वेगळं आहे, त्याच्या गैरवापरावर स्वतंत्र धागा काढा, मी येईन. इथे चाललंय ते थप्पड, पाठलाग आणि फोटोंबद्दल. याचा पुरावा बहुतेक वेळा मारणाऱ्याच्याच मेसेजमध्ये पडलेला असतो.

तुळस_डॉ

अपघात विभागात काम करते, म्हणून दोनच गोष्टी.

त्याने कधी गळा दाबला असेल, एकदाच आणि दोन सेकंद का होईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाहेर वळ दिसत नाही, तरी आत सूज येऊ शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके दिसले तर मुळीच थांबू नका. जोडीदाराने गळा दाबलेल्या स्त्रीचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सात पटींनी वाढते असं संशोधन आहे. ‘मजेत धरला होता’ हे मी फार वेळा ऐकलंय.

दुसरं म्हणजे, सोडून जाण्याचा काळ सगळ्यांत धोक्याचा. ‘शेवटचं एकदा भेट, मग सोडतो’ या निरोपावर एकटीने जाऊ नका. सोमेश्वर, पांडवलेणी, धरणाकडचा रस्ता, अशा ठिकाणी तर नाहीच. बोलायचंच असेल तर फोनवर. भेटणं टळत नसेल तर गर्दीच्या ठिकाणी, दिवसा, आणि पलीकडच्या टेबलावर आपलं माणूस.

निफाडकर_बापू

सगळं दोनदा वाचलं. अबोलीचं वाचून झोप लागली नाही. बाळा, तुझा बाप मी असतो तर तोच प्रश्न आधी विचारला असता, हे खरं आहे.

शांतपार मॅडम, आता मला सरळ सांगा. पोरगी जूनमध्ये येणार. तिला मी काय म्हणू? आमच्या घरात या विषयावर बाप-लेकीचं बोलणं होत नाही. तिची आई बोलेल, पण तिला मी काय सांगू?

शांतपार

बापू, लांबलचक बोलू नका. शेतात, गाडीत, तोंड समोरासमोर नसताना बोललात तर दोघांनाही सोपं जाईल. असं काहीसं म्हणा: ‘तिकडं काहीही झालं, कोणाशी मैत्री झाली, फसवणूक झाली, कोणी हात उगारला, तर मला फोन कर. मी चिडेन कदाचित, पण तुझं कॉलेज बंद करणार नाही आणि त्यावरून लग्न ठरवणार नाही. हा माझा शब्द.’ शेवटची दोन वाक्यं गाळू नका. तिच्या दृष्टीने सगळं त्यांवरच आहे. आणि तिच्या आईलाही हेच सांगा, म्हणजे एकाने दिलेला शब्द दुसऱ्याने मोडला असं होणार नाही.

स्मार्टफोन तुम्हीच घेऊन द्या. रिचार्ज तुमच्याकडून असू दे. महिन्याला थोडे पैसे तिच्या नावाच्या खात्यात टाका. तुमच्याशिवाय आणखी एक मोठं माणूस ठरवून ठेवा, आत्या, मावशी, रानजाईंसारखी घरमालकीण, जिला ती अर्ध्या रात्री फोन करू शकेल.

उद्या तिने खरंच फोन केला तर पहिला प्रश्न ‘तू आत्ता कुठे आहेस, बरी आहेस ना?’ बाकीचे सगळे नंतर.

निफाडकर_बापू

शब्द देतो म्हणजे पाळावा लागेल. देईन.

ढोलताशा

वाद्य शिकवणाऱ्या दादांना धाग्याची लिंक पाठवली. त्यांचं म्हणणं, पथकात नवीन मुलं येतात तेव्हा पहिल्याच बैठकीत बोलू, आणि मुलींवर नजर ठेवल्याचे फोटो ग्रुपवर टाकणाऱ्याला सरावातून बाहेर काढायचा नियम करू. शांतपार मॅडम, त्या बैठकीला याल का? जागा गोदाकाठी आहे, रविवारी सकाळी.

शांतपार

येईन. फक्त मुलींना वेगळं बसवून मला बोलायला लावू नका. मुलांबरोबर तास हवा, आणि त्यात दादा स्वतः बोलतील.

रानजाई

आमच्याकडे जिन्याजवळच्या फळ्यावर आज लिहून ठेवलं: ११२, महिलांसाठी १८१, अठराच्या खालच्यांसाठी १०९८, सायबरसाठी १९३०, आणि १४४१६. खाली माझा नंबर, ‘कधीही’ असं लिहून. एका मुलीने विचारलं, १४४१६ वर हिंदीतच बोलावं लागतं का?

शांतपार

नाही. मराठीत बोलता येतं, भाषा सुरुवातीलाच निवडायची.